नागपूर ते डॅलस: हवाई अंतराच्या प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी

विज्ञान दिनाच्या प्रदर्शनासाठी नववी ‘ब’चा विषय आज पक्का झाला: नागपूर ते डॅलस हवाई अंतर. वर्गातल्या एका मुलीची आत्या डॅलसला राहते. तिथे आपण किती लांब आहोत, एवढाच तिचा प्रश्न होता. मुलांनी घरून मोबाइलवर शोधून आकडे आणले. एकाचा १३,९९७ किमी, दुसरीचा १४,०१५ किमी. तिसऱ्याने तिकिटाच्या साइटवरून थांब्यासकट अंतर मोजून आणले होते, ते १५,५८३ किमी. खरा कोणता, यावर वर्गात चांगलीच जुंपली.

तिन्ही आकडे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून भोवती चौकट केली आणि पुसायचे नाहीत म्हणून सांगितले. तिन्ही बरोबर आहेत. ते तिन्ही कसे बरोबर आहेत, हे मुलांनी आपल्या हाताने मोजून आणि आपल्या वहीत मांडून दाखवायचे, हाच प्रकल्प. मोबाइल आकडा देतो. तो आकडा कुठून येतो, हे मुलाला उमगले तर भूगोल त्याच्याकडे कायमचा राहतो, असे माझे ठाम मत आहे.

९ जानेवारी

अंतर मोजायचे तर कुठून? या प्रश्नासाठी वर्ग झिरो माइलला नेला. यातली बरीच मुले तिथून रोज बसने जातात, पण खांबावरचा मजकूर वाचलेला फार थोड्यांनी. १९०७ साली भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने उभारलेली ही खूण, समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट उंच. खांबावर गावांची अंतरे मैलांत आहेत: छिंदवाडा ८३, हैदराबाद ३१८.

मुलांना लगेच कामाला लावले. ८३ मैल म्हणजे साधारण १३४ किमी. छिंदवाड्याचे आणि आपले अक्षांश-रेखांश घेऊन सरळ अंतर काढले तर शंभरच्या आसपास येते. मग दगड चुकला का? नाही. दगडावर रस्त्याचे अंतर आहे, घाटवळणांसकट. बैलगाडीने, घोड्याने, पायी जाणाऱ्याच्या उपयोगाचे. आपल्याला हवे आहे ते कुठलेही वळण नसलेले. अंतर म्हटले की ते कोणासाठी, हा प्रश्न आधी येतो, आणि तो मुलांना त्या खांबाशी उभे राहून कळला.

प्रकल्पासाठी सुरुवातीचे टोक म्हणून सोनेगावचा विमानतळ धरला: २१.०९२ उत्तर, ७९.०४७ पूर्व. दुसरे टोक डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळ: ३२.८९७ उत्तर, ९७.०३८ पश्चिम. सोनेगावऐवजी झिरो माइलपासून मोजले तर अंतर सहा-एक किलोमीटरने कमी होते. का कमी, ते आज सांगितले नाही. दोरा लावल्यावर आपोआप दिसेल.

१५ जानेवारी

संक्रांत झाली. चकऱ्यांवर उरलेली सद्दी, म्हणजे पतंगाचा साधा सुती दोरा, मुलांनी आणली. नायलॉन मांजा कोणीही आणायचा नाही हे आधीच बजावले होते, आणि कोणी आणला नाही याचे मला फार समाधान वाटले. बर्डीच्या बाजारातून ३० सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल घेतला. त्याची अर्धगोल धातूची पट्टी काढून ठेवली, कारण ती ध्रुवाजवळ दोऱ्याच्या आड येते.

सद्दीचे एक टोक नागपुरावर दाबून धरायचे, दुसरे डॅलसवर, आणि दोरा ताणायचा. ताणलेला दोरा गोलावर आपला जवळचा रस्ता आपणच शोधतो. लावण्याआधी सगळ्यांना विचारले, दोरा कुठून जाईल? जवळजवळ सगळा वर्ग म्हणाला: पश्चिमेला, अरबी समुद्र, आफ्रिका, मग अटलांटिक ओलांडून. अमेरिका पश्चिमेला आहे हे सगळ्यांना ठाऊक असतेच.

दोरा ताणला आणि तो सरळ उत्तरेला गेला.

पहिल्यांदा कोणाचा विश्वास बसेना. सैल झाला असेल म्हणून सोडून पुन्हा ताणला. पुन्हा उत्तरेला. हिमालय, रशिया, गोलाच्या माथ्यावरच्या खिळ्यापासून सेंटिमीटरभर अंतरावरून पलीकडे, आणि मग कॅनडावरून खाली टेक्सासमध्ये. पश्चिमेकडून न्यायचा प्रयत्न केला की दोरा पुरत नाही. मोजला तर ३३ सेंटिमीटर. या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किमी, म्हणजे १४,०२५ किमी. सद्दी आणि फूटपट्टी एवढ्यावर चौकटीतल्या दोन आकड्यांच्या इतक्या जवळ!

कारण सोपे आहे, पण ते दिसावे लागते. नागपूरचे रेखावृत्त ७९ पूर्व. पृथ्वीच्या बरोबर पलीकडचे रेखावृत्त १०१ पश्चिम. डॅलस ९७ पश्चिमेला, म्हणजे नागपूरच्या जवळपास पाठीमागेच. नागपूरहून उत्तर ध्रुवाकडे निघालेली रेषा ध्रुव ओलांडून तशीच पुढे गेली की टेक्सासमध्येच उतरते.

१७ जानेवारी

दोऱ्याखाली कोणकोणत्या जागा येतात याची यादी आज केली. पृथ्वीगोलावर गावे दिसत नाहीत, म्हणून रेषेचे रेखांश मी आदल्या रात्री काढून आणले होते आणि मुलांनी ॲटलसमध्ये जागा शोधल्या. दुपारची जेवणाची सुट्टी कधी संपली कळले नाही.

छिंदवाडा. नेमके छिंदवाडा! दोरा शहरापासून तीन-चार किलोमीटरवरून जातो. मग सागर, झाशी, फिरोजाबाद यांच्या जवळून ऋषिकेश. पुढे लेहच्या थोडे पूर्वेला, आणि मग काराकोरम खिंडीवरून, जिथून शतकानुशतके लडाख ते यारकंद असे व्यापाऱ्यांचे काफिले जात. यारकंदही दोऱ्याच्या बाजूलाच आहे. मग किर्गिझस्तानातले इसिक-कूल सरोवर, कझाकस्तानातले अल्माटी शहर, बल्खाश सरोवर. सायबेरियात ओब नदीकाठचे सुरगुत. यामाल द्वीपकल्प, कारा समुद्र, नोव्हाया झेम्ल्याचे उत्तर टोक, फ्रान्झ जोसेफ लँडची बेटे. तिथून पुढे फक्त गोठलेला आर्क्टिक महासागर. दोरा सर्वांत उत्तरेला ८६.२ अंशांवर पोहोचतो, ध्रुवापासून सुमारे ४२० किमी. पलीकडे कॅनडाची एल्समेअर आणि डेव्हन बेटे, चर्चिल बंदराजवळ हडसनच्या उपसागराचा किनारा, मिनेसोटा, ओमाहा, ओक्लाहोमा, डॅलस.

ही यादी मुलांनी पाठ केली. मी सांगितले नव्हते. एकाने ‘छिंदवाडा’ म्हणायचे, पुढच्याने ‘सागर’, असा खेळच सुरू झाला. नकाशावरची नावे पाठ होत नाहीत अशी तक्रार करणारी हीच मुले.

एक गोष्ट मलाही पुन्हा नव्याने भावली. या वाटेवरचे विमान निघते तेव्हा त्याचे नाक उत्तरेच्या चार अंश पश्चिमेला असते. डॅलसला पोहोचते तेव्हा ते जवळजवळ दक्षिणेकडे तोंड करून असते. वाटेत ते एकदाही वळलेले नसते. दिशा बदलली, वाट सरळच राहिली. झिरो माइलचे कोडेही इथेच सुटते: झिरो माइल सोनेगावच्या उत्तरेला आहे, म्हणजे वाटेवरच पुढे.

२० जानेवारी

आजची तारीख धरूनच हा तास ठेवला होता. १८२३ साली २० जानेवारीला भारताचे त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू करणारा विल्यम लॅम्बटन आपल्या हिंगणघाटला वारला. सर्वेक्षणाचा तळ घेऊन तो नागपूरकडे निघाला होता. हिंगणघाटला त्याची कबर आहे, आणि विदर्भातल्या फार थोड्या शाळांतून त्याचे नाव घेतले जाते याची मला खंत वाटते.

१८०२ च्या एप्रिलमध्ये मद्रासला पायारेषा, म्हणजे पहिल्या त्रिकोणाची बाजू, मोजून त्याने काम सुरू केले. अर्ध्या टनाचे थिओडोलाइट हे कोन मोजायचे यंत्र टेकड्यांवर, देवळांच्या गोपुरांवर चढवत त्रिकोणामागून त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे सरकत होता. ही साखळी ७८ पूर्व रेखावृत्ताच्या आसपास जाते. त्याच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्टने ती हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. म्हणजे आमच्या सद्दीचा हिमालयाच्या पायथ्यापर्यंतचा भाग लॅम्बटन-एव्हरेस्टच्या मापनरेषेच्या जवळून जातो. हे लक्षात आल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसले, त्यासाठी शिक्षकी करावी.

मोजायचे कशासाठी होते, हे मात्र नीट सांगावे लागले. नकाशा हा एक हेतू. दुसरा हेतू पृथ्वीचा आकार. अक्षांशाचा एक अंश दक्षिणेत किती लांब आणि उत्तरेत किती लांब, हे काढले की पृथ्वी नेमकी गोल आहे की ध्रुवांशी चपटी, आणि चपटी तर किती, याचा हिशेब लागतो. या मोजणीतूनच एव्हरेस्टचा १८३० चा लंबगोल आला, आणि भारताचे नकाशे पिढ्यानपिढ्या त्यावर काढले गेले. चौकटीतल्या दुसऱ्या आकड्यासाठी हे लागणार आहे.

२५ जानेवारी

उद्याच्या कवायतीची तयारी. काम नाही.

२८ जानेवारी

आज गणित. नववीला त्रिकोणमितीची तोंडओळख होते, तेवढ्यावर भागवायचे होते. सूत्र शब्दांत लिहून दिले: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा, दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनने गुणा, दोन्हींची बेरीज म्हणजे त्या दोन शहरांमधल्या कोनाचा कोसाइन. कोन पृथ्वीच्या केंद्रापाशी होतो. ९० अंशांपेक्षा मोठ्या कोनाचा कोसाइन ऋण असतो, हे पुढच्या इयत्तांचे ज्ञान उसने घेतले. गणिताच्या सरांनी त्यासाठी आपला एक तास दिला.

आकडे असे: रेखांशांतला फरक ७९.०४७ अधिक ९७.०३८, म्हणजे १७६.०८५. पहिला गुणाकार ०.१९५४५. दुसरा उणे ०.७८१५७. बेरीज उणे ०.५८६११. कोन १२५.८८ अंश. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी धरली की एक अंश १११.१९५ किमीचा, आणि उत्तर १३,९९७ किमी. चौकटीतल्या पहिल्या आकड्यापुढे बरोबरची खूण झाली. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

एका गटाचे उत्तर २,२०० किमी आले होते. डॅलसचा रेखांश त्यांनी पूर्व धरला होता. उत्तर खोडू दिले नाही. ३२.९ उत्तर, ९७ पूर्व इथे काय आहे ते शोधा म्हटले. तिथे निघाले चीनच्या चिंघाय प्रांतातले युशू, तिबेटच्या पठारावरचे शहर. म्हणजे त्यांनी नागपूर ते युशू हे अंतर अगदी बिनचूक काढले होते. एका ‘पश्चिम’ने केवढा फरक पडतो हे त्या गटाइतके आता कोणाला कळलेले नसेल. प्रदर्शनात त्यांचा वेगळा तक्ता असेल.

वैमानिक आणि खलाशी सागरी मैल का वापरतात तेही याच तासाला आले. केंद्रापाशी एक मिनिटाचा कोन म्हणजे एक सागरी मैल. १२५ अंश ५३ मिनिटे म्हणजे १२५ गुणिले ६० अधिक ५३, एकूण ७,५५३ सागरी मैल. दुसरे कोणतेही कोष्टक लागत नाही.

३० जानेवारी

आता तिसरा आकडा, १५,५८३. त्याआधी एक इतिहासाची गोष्ट सांगितली, कारण तिची तारीख आजचीच. ३० जानेवारी १९४९ ला रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चार शहरांतून डाकोटा विमाने निघत आणि मध्यरात्री नागपूरला एकत्र येत. सोनेगावच्या धावपट्टीशेजारी टपालाच्या थैल्या आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि विमाने पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परत. नागपूरच का? मुलांनी चारही अंतरे सूत्राने काढली: मुंबई सुमारे ६८०, दिल्ली ८५५, चेन्नई ९१०, कोलकाता ९८५ किमी. कोणत्याही एका विमानावर फार भार नाही. मध्यवर्ती म्हणजे काय, ते चार आकड्यांत दिसते.

आज आपणही असेच एका मधल्या विमानतळावर जाऊन बदलतो, फक्त तो मधला विमानतळ आता बाहेर आहे. नागपूर ते दोहा २,८३८ किमी, दोहा ते डॅलस १२,७४५. बेरीज १५,५८३. तिसऱ्या आकड्यापुढेही खूण. मुंबई आणि लंडनवरून गेलो तर ६८३ अधिक ७,२१३ अधिक ७,६२७, म्हणजे १५,५२३. दोन थांबे घेऊनही हा रस्ता दोह्यापेक्षा ६० किमीने कमीच. मुंबईला जाणे म्हणजे डॅलसकडे पाठ करून नैर्ऋत्येला जाणे, तरीही! मुलांना हे पटवायला पुन्हा सद्दी काढावी लागली: लंडन आमच्या वाटेकडे झुकलेले आहे, दोहा तितके नाही.

आत्याची भाची म्हणाली, “मॅडम, म्हणजे आत्या दीड हजार किलोमीटर जास्त फिरून येते.” हो. नागपूर ते कोलकाता अंतराच्या दीड पटीहून अधिक, एवढे जास्त.

५ फेब्रुवारी

सगळा वर्ग पश्चिमेला बोट का दाखवत होता, याचे उत्तर आज. वर्गाच्या भिंतीवरचा नकाशा मर्केटर प्रक्षेपणाचा आहे. गेरार्डुस मर्केटरने तो १५६९ साली खलाशांसाठी केला. त्यावर सरळ रेषा काढली की ती सगळ्या रेखावृत्तांना एकाच कोनात छेदते, म्हणून होकायंत्र एका दिशेला धरून जहाज नेता येते. त्या कामासाठी हा नकाशा उत्तम आहे. पण त्यावरची सरळ रेषा जवळची असतेच असे नाही. नागपूर ते डॅलस ही रेषा अरबस्तान, इजिप्त, सहारा, अटलांटिक अशी जाते आणि भरते १७,४५० किमी. दोऱ्यापेक्षा जवळजवळ साडेतीन हजारांनी जास्त.

मृग बहाराची संत्री बाजारात दिसू लागली आहेत. एका मुलाचे वडील कळमन्याला अडतीवर असतात, त्यांनी टोपलीभर पाठवली. प्रत्येक गटाने संत्र्यावर देठाशी ध्रुव धरून बॉलपेनने नागपूर, डॅलस आणि मधली जवळची रेषा काढली. मग साल अखंड सोलून बाकावर सपाट दाबली. साल फाटली, रेषा तुटली, दोन टोके दोन बाजूंना गेली. नागपुरी संत्र्याची साल ढिली असते म्हणून हे नीट जमते. कोणताही सपाट नकाशा कुठेतरी फाडतो नाहीतर ताणतो. मर्केटर फाडत नाही, ताणतो, आणि ध्रुवाजवळ तर इतका ताणतो की ध्रुव त्याच्यावर मावतच नाही. आमच्या वाटेचा सगळ्यात महत्त्वाचा भाग भिंतीवरच्या नकाशात नाहीच.

उत्तर ध्रुव मध्यभागी असलेला नकाशा मुलांकडून कागदावर काढून घेतला. त्यावर नागपूर ते डॅलस जवळजवळ सरळ रेषा दिसते. हा तक्ता प्रदर्शनात मधोमध लावायचा.

११ फेब्रुवारी

मग असे विमान का नाही? हा प्रश्न मुले कधीपासून विचारत होती.

पल्ल्याची अडचण नाही. सिंगापूर ते न्यूयॉर्क हे सुमारे १५,३०० किमीचे अंतर एअरबस ए३५०-९०० यूएलआर न थांबता कापते. ध्रुवाचीही अडचण नाही. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली सगळ्या महिला वैमानिकांनी एअर इंडियाचे बोइंग ७७७ सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून बेंगळुरूला आणले. ते अंतरही जवळच्या मार्गाने सुमारे १४,००० किमी, आमच्याइतकेच. मुलींनी हे वाक्य तक्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहायला घेतले आहे.

अडचणी दुसऱ्या आहेत. काराकोरम खिंड सुमारे ५,५४० मीटर उंच, आजूबाजूची शिखरे त्याहून उंच. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला झटपट तीन हजार मीटरपर्यंत खाली यावे लागते, कारण प्रवाशांच्या मुखवट्यातला प्राणवायू मिनिटांच्या हिशेबातच पुरतो. इथे खाली यायला जागाच नाही. दोन इंजिनांच्या विमानाने ठरावीक वेळेच्या आत पोहोचता येईल असा विमानतळ सतत हाताशी ठेवायचा असतो, आणि आर्क्टिकमध्ये असे विमानतळ विरळ. ध्रुवाजवळ विषुववृत्तावरचे उपग्रह क्षितिजाखाली जातात, म्हणून उच्च वारंवारतेच्या रेडिओवर बोलावे लागते. होकायंत्रही तिथे भरवशाचे राहत नाही. बाहेरच्या थंडीत इंधनाच्या तापमानावर लक्ष ठेवावे लागते. जेट ए-१ उणे ४७ अंशांना गोठू लागते. शिवाय खालच्या देशाची परवानगी हवी. २०२२ पासून रशियाने अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना आपले आकाश बंद केले आहे.

सगळ्यात मोठे कारण मात्र साधे: रोज एवढे मोठे विमान भरेल इतके डॅलसचे प्रवासी नागपुरात नाहीत. दोह्याला चारी दिशांचे प्रवासी एकत्र येतात म्हणून तिथले विमान भरते. १९४९ चे नागपूर नेमके हेच काम करत होते.

१७ फेब्रुवारी

दुसरा आकडा, १४,०१५. पहिल्यापेक्षा १८ किमी जास्त. आज लॅम्बटन कामी आला.

पृथ्वी विषुववृत्ताशी फुगलेली आहे. केंद्रापासून विषुववृत्त ६,३७८.१ किमी, ध्रुव ६,३५६.८ किमी. ध्रुवांशी पृष्ठभाग चपटा, म्हणजे त्याची वक्रता कमी, म्हणून तिथे अक्षांशाचा एक अंश लांब भरतो: विषुववृत्ताशी ११०.५७ किमी, ध्रुवाशी १११.६९. हे मुलांना उलटे वाटते, ध्रुव केंद्राच्या जवळ तर अंश छोटा हवा ना? फळ्यावर एक चपटी आणि एक टोकदार कमान काढली आणि चपट्या कमानीवर दिशा एका अंशाने बदलायला किती लांब चालावे लागते ते दाखवले, तेव्हा पटले. आमची वाट उत्तरेतून जाते, लांब अंशांतून, म्हणून बेरीज थोडी वाढते. लंबगोलावर नेमके अंतर काढायची व्हिन्सेंटीची पद्धत १९७५ ची, ती नववीला झेपणारी नाही. पण रेखावृत्तावरून थेट ध्रुवावर जाऊन पलीकडे उतरलो तर किती, हे झेपते: लंबगोलावर १४,०२९ किमी. ध्रुवाला वळसा दिल्याने वाढलेले १४ किमी वजा केले की १४,०१५.

चौदा हजारांच्या प्रवासात साक्षात उत्तर ध्रुवाला हात लावून यायचे असेल, तर फक्त १४ किमी जास्त! सोनेगाव ते बर्डी आणि परत, एवढेच.

चौकटीतल्या तिन्ही आकड्यांपुढे आता खुणा आहेत.

२२ फेब्रुवारी

तक्ते मांडायला पालक मदतीला आले. एका मुलीचे वडील ऑटो चालवतात, मानकापूर ते छिंदवाडा रोड हा त्यांचा रोजचा पट्टा. पृथ्वीगोलाजवळ बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, “मॅडम, मंग अमेरिका आपल्या छिंदवाडा रोडनंच आहे का जी?” मुलगीच पुढे आली. “हो बाबा, फक्त मंग वळायचं नाही कुठी, सरळच जायचं.” मी बाजूला उभी राहून ऐकत होते. यापेक्षा अचूक व्याख्या मला करता आली नसती. तिच्याच शब्दांत ती तक्त्यावर घेतली.

वेळेचा तक्ताही लागला. ताशी ९०० किमीने १३,९९७ म्हणजे साडेपंधरा तास. पण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वरच्या वाऱ्यांमुळे दोहा-डॅलस जाताना जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा येताना कमी लागतो. अंतर तेच, तास वेगळे. शेजारी दोन घड्याळे लावली: नागपूर आणि डॅलस, हिवाळ्यात साडेअकरा तासांचा फरक.

२८ फेब्रुवारी

प्रदर्शन. सकाळपासून सद्दीच्या गोलाभोवती गर्दी. प्रत्येकाला आधी बोट दाखवायला सांगायचे आणि मग दोरा ताणायचा, हा क्रम मुलांनी मोडला नाही.

दुपारी एक आजोबा आले. त्यांचा मुलगा जोहान्सबर्गला असतो. “आमचंही काढून द्या,” म्हणाले. युशूच्या गटाने काम घेतले. अक्षांश २६.१३९ दक्षिण, म्हणून साइन ऋण, रेखांश २८.२४६ पूर्व, म्हणून या वेळी वजाबाकी. दोन्ही चिन्हे त्यांनी एकमेकांकडून तपासून घेतली. उत्तर ७,५८७ किमी. मग एकाने आपणहून भिंतीवरच्या मर्केटर नकाशावरच्या सरळ रेषेचे अंतर काढायला मला सांगितले. ते आले ७,५९१. फरक फक्त ४ किमी. डॅलसला साडेतीन हजार आणि इथे चार?

आजोबांना उत्तर त्या मुलानेच दिले. ही वाट विषुववृत्त ओलांडून अर्धी उत्तरेत, अर्धी दक्षिणेत जाते. तिथे नकाशा फारसा ताणलेला नसतो, आणि थोडी वाट एकीकडे वाकली तर पुढे तेवढीच दुसरीकडे वाकते. म्हणून या वाटेसाठी भिंतीवरचा नकाशा चालेल. आजोबांनी आकडा कागदावर लिहून घेतला, खाली नकाशाचाही लिहिला, आणि मुंबईवरून गेले तर किती ते काढून मागितले. तो गट अजून त्यावर बसला आहे.